दारी आलेली तपासणी

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची आहे, तीत आरोग्याविषयी काही लिहून द्यावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी डॉक्टर नव्हे, की परिचारिकाही नव्हे. शाळेत मुलांना इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा औषधपाणी सांगण्याचा अधिकार मजकडे नाही. पण रोग ओळखण्याची विद्या मोठ्या शहरातल्या इस्पितळापासून खेड्यातल्या दारापर्यंत कशी येत गेली, तिचा थोडासा इतिहास मात्र मी सांगू शकेन. हा इतिहास आपण बायकांनी अवश्य वाचावा, कारण दुखणे अंगावर काढण्यात आपला हात धरणारे दुसरे कोणी नाही.

आमच्या सासूबाईंचेच उदाहरण सांगते. पाळी जाऊन सात-आठ वर्षे झाली होती, आणि एकाएकी पुन्हा अंगावरून जाऊ लागले. त्यांनी ते वर्षभर कोणाला कळू दिले नाही. पहाटे आमच्या आधी उठून त्या आपली लुगडी धुऊन टाकीत. पुढे कंबर धरली, जेवण तुटले, तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले. एस. टी.त बसवून त्यांना शहरातल्या इस्पितळात नेले. तेथले डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी तपासून एवढेच विचारले, "आजी, इतके दिवस का आला नाहीत?" सासूबाई खाली मान घालून बसल्या. चार महिन्यांत त्या गेल्या. त्यांना त्या वर्षात कोणी काही विचारलेच नव्हते, हे त्या प्रश्नाचे खरे उत्तर होते. रोग ओळखणारे माणूस पन्नास मैलांवर, आणि रोगी माजघरात. मधले अंतर केवळ रस्त्याचे नव्हते, लाजेचे होते, खर्चाचे होते, आणि 'माझ्यापायी घरच्यांना खोटी नको' ह्या आपल्या जुन्या सवयीचेही होते.

आता इतिहासाकडे वळू. तपासणी दारी आली म्हणजे माणसे आनंदाने तपासून घेतात, असे मुळीच नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सरकारने रँडसाहेबाच्या हाताखाली कमिटी नेमली आणि गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी हुडकून वेगळे काढायचे, हा हेतू वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु शिपाई देवघरात, माजघरात शिरत. परक्या पुरुषांनी बायकांना उघड्यावर उभे करून तपासल्याच्या तक्रारी झाल्या. परिणाम काय झाला? लोक आपले रोगी लपवू लागले. त्या संतापाचा शेवट २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. त्याच साली, त्याच पुण्यालगत हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी माळावर दवाखाना घातला होता. तेथे लोक रोग्यांना लपवीत नसत, कारण तेथे त्यांना माणूस म्हणून वागवीत. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच सावित्रीबाईंना तो रोग जडला आणि १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. रोग एकच आणि गावही एकच. फरक होता तो दाराशी कोण उभे आहे एवढ्याचाच. माझ्या ह्या लेखाचे सारे म्हणणे ह्या एका गोष्टीत आहे.

स्वातंत्र्य येण्याच्या सुमारास, १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल दिला आणि निदान चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे सुचवले. १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर ही केंद्रे उभी राहू लागली. पण खेड्यातल्या सामान्य माणसाची तपासणीशी पहिली खरी ओळख करून दिली ती हिवतापाने. १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. माझ्या लहानपणी दर पंधरवड्याला 'मलेरियावाला' येई. "घरात कोणाला ताप आहे का?" असे विचारी, बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेई, कडू गोळ्या देई आणि जाताना दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून जाई. आम्ही पोरे त्याला पाहून कणगीमागे लपत असू. ती काच पुढे केंद्रात जाई आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाई. आज मला वाटते, की आपल्या खेड्यात गावपातळीवरची तपासणी म्हणतात ती हीच पहिली. यंत्र केंद्रात राहिले तरी विचारणारा माणूस दारी आला. ह्या मोहिमेने हिवताप पुष्कळ हटला. पुढे ढिलाई झाली, डासांना आणि जंतूंना औषधे पचू लागली आणि १९७६ साली देशात पुन्हा चौसष्ट लाखांवर रोगी मोजले गेले. विचारणारा दारी यायचा थांबला की रोग परत येतो, असाही ह्याचा एक अर्थ घेता येईल.

क्षयाची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. खेड्यातल्या अडाणी माणसाला आपल्या दुखण्याची जाणीवच नसते, असे शहाणी माणसे धरून चालत. १९५९ साली बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तिच्या संशोधकांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाहणी केली, ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले, की थुंकीत जंतू असलेल्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपण होऊन सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते! तेथे बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले होते. थुंकी तपासलीच नव्हती. म्हणजे अज्ञान रोग्याचे नव्हते. रोगी दारात येऊन उभा होता, तपासणीच घरात नव्हती. ह्या शोधावरून १९६२ च्या क्षयरोग कार्यक्रमात मोठ्या यंत्रांपेक्षा साध्या थुंकीच्या तपासणीवर, आणि तीही जवळच्या केंद्रात, भर दिला गेला.

आता आपल्याच जिल्ह्यातली, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली, एक कथा सांगते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकलेले. १९६२ पासून काही वर्षे त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले, की बरा करून घरी धाडलेला रोगी काही दिवसांनी त्याच दुखण्याने परत येतो, कारण दुखण्याचे मूळ गावात असते आणि तेथे कोणी जात नाही. पुढे परदेशात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली जामखेडसारख्या कायम दुष्काळी तालुक्यात, गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत, त्यांनी आपले काम मांडले.

पहिला बेत असा होता, की शिकलेल्या परिचारिका गावोगाव नेऊन बसवाव्यात. तो फसला. परगावची एकटी तरुण मुलगी खेड्यात राहणार कोठे, आणि तिच्याशी मोकळेपणाने बोलणार कोण? तेव्हा गावकऱ्यांशी बोलता बोलता दुसरी वाट सापडली. गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, आणि तिलाच शिकवावे. निवडून आलेल्या पुष्कळ बायकांना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित वस्तीतल्या, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेल्या. नित्यनेमाने त्या जामखेडला शिकायला येत आणि शिकलेले गावात नेऊन वापरीत. पोराचे वजन कसे घ्यावे, गरोदर बाईचे पोट आणि पायावरची सूज कशी पाहावी, तीन आठवड्यांवरचा खोकला का धोक्याचा, कातडीवरचा बधिर चट्टा कसा ओळखावा, हे सारे त्या शिकल्या. भगिनींनो, ह्या चट्ट्याचा विचार करून पाहा. महारोगाचा पहिला चट्टा पाठीवर, मांडीवर उठला, तर कोणती बाई तो पुरुष कर्मचाऱ्याला दाखवील? पण शेजारणीला, न्हाऊ घालणाऱ्या बाईला तो सहज दिसतो. शहरातल्या तज्ज्ञाला जे दिसत नाही ते तिला दिसते. ही तिची हुशारी तर खरीच, पण तिच्या जागेचाही तो गुण आहे.

येथे कोणी असे समजू नये, की ही बाई डॉक्टरच्या जागी बसली. तिच्यामागे गावोगाव फिरणारे पथक होते, आणि त्यामागे जामखेडचे इस्पितळ. तिने ओळखायचे, हाताशी असेल ते करायचे, आणि उरलेले वेळीच पुढे पाठवायचे. काम सुरू झाले तेव्हा त्या भागात हजारी १७६ तान्ही मुले वर्षाच्या आत दगावत. थोड्याच वर्षांत हा आकडा निम्म्याच्याही खाली गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या एका ग्रंथात जामखेडवर प्रकरण घातले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९८८ साली ह्याच बायकांपैकी मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. वर लटकणाऱ्या मोठ्या झुंबरांकडे पाहून त्यांनी सांगितले, की ही झुंबरे सुंदर असली तरी आमच्यासारख्यांना ती परवडत नाहीत. आमची पणती लहान आहे, पण एका पणतीने दुसरी लावता येते. तपासणी गावात का हवी, ह्याचे ह्याहून चांगले उत्तर मी ऐकलेले नाही. पुढे २००५ साली सरकारने गावोगाव 'आशा' नेमल्या, त्यांच्या मागे जामखेडसारख्या प्रयोगांचाच अनुभव होता.

हीच पणती महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लावली. तेथल्या दोन खेड्यांत ६५० बायकांची, तक्रार असो वा नसो, तपासणी केली गेली. तिचा निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' ह्या विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही निघाले, आणि त्यांतल्या अवघ्या आठ जणींची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. ते वाचून मला आमच्या सासूबाई आठवल्या. त्या एकट्या नव्हत्या तर! घरोघरी तेच होते, आणि प्रत्येकीला वाटत होते, की हे आपल्याच नशिबी आले आहे.

गडचिरोलीतच लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी एक साधी युक्ती काढली गेली. मूल मिनिटाला किती श्वास घेते, यावरून हा रोग ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतील मुलाचे साठ, वर्षाच्या आतील मुलाचे पन्नास आणि त्याहून मोठ्या, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस वा अधिक श्वास झाले, तर धोका समजावा. पण ज्या सुईणीला दहापुढे मोजता येत नाही तिने काय करावे? तिला मण्यांची पाटी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका दिली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. खेड्यातल्या माणसांनी असा रोग ओळखून औषध दिल्याने तेथल्या मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने निम्म्याहून कमी झाले, असे १९९० साली प्रसिद्ध झाले. तपासणी केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची दारे आणि यंत्रे येतात. त्या सुईणीच्या मांडीवरची पाटीही केंद्रच होय.

तिसरी हकीकत जामखेडच्या शेजारची, बार्शी आणि उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळ आहे. १९८७ साली तेथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. नोंद करणारी माणसे गावोगाव जात आणि लक्षणे समजावून सांगत. एवढ्यानेसुद्धा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उमगू लागला. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठा प्रयोग झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. बायकांचे चार गट केले होते. एका गटात एचपीव्ही ह्या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरमधले आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची, आणि चौथ्या गटाला केवळ माहिती. दोष आढळला त्यांवर उपचारही केले. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी देऊ केलेल्या गटात ह्या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, तर नुसत्या माहितीच्या गटात ६४. तुलनेसाठी एक गट तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे जाणत्यांत वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या चौसष्ट जणी कोणाच्या तरी आया आणि सासवाच होत्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असाच प्रयोग झाला. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून व्हिनेगरची तपासणी त्यांच्याकडून करविली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली दिसून आले.

एवढे वाचून, गावोगाव यंत्रे आणून बसवली की झाले, असे कोणी म्हणेल. त्यांना मी एकच आठवण देते. सोनोग्राफीचे यंत्रही रोग ओळखण्यासाठीच आले होते, आणि ते फार लवकर लहान गावांपर्यंत पोचले. आपण त्याचे काय केले? पोटातली मुलगी ओळखून काढण्यासाठी ते वापरले. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, केंद्राने १९९४ साली केला. तरीही सहा वर्षांच्या आतील मुलींचे हजार मुलांमागचे प्रमाण आपल्या राज्यात १९९१ साली ९४६ होते, ते २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाले. तेव्हा यंत्र जवळ येणे पुरेसे नाही. ते कोणाच्या हाती, आणि त्याच्यावर गावाची नजर आहे की नाही, हे पाहावे लागते. १८९७ चा धडा येथेही तोच आहे.

आपल्या राळेगणच्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी ह्या गावात सून म्हणून आले, तेव्हा पाण्यासाठी मैल मैल चालावे लागे आणि गावात दारूच्या भट्ट्या होत्या. १९७५ साली अण्णा हजारे फौजेतून परतले आणि पाणलोटाचे काम उभे राहिले. त्या कामातले पहिले सूत्र कोणते? पाणी माथ्यावर अडवायचे, मग उतारावर, मग पायथ्याशी. खाली आलेला लोंढा मोठ्या धरणालाही आवरत नाही, पण वर साधा चर खणला तरी तो थांबतो. रोगाचे तसेच आहे. पुण्याचे मोठे इस्पितळ म्हणजे पायथा. तेथे लोंढा पोचेपर्यंत घर, दागिने आणि बहुधा माणूसही हातचे गेलेले असते. माथा म्हणजे आपली आळी, आपला ओटा. तेथे वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, रक्ताचा थेंब घेणारी मुलगी आणि विचारणारी शेजारीण असली, की चर खणल्यासारखे आहे.

आणि चर खणलेले नाहीत, असेही नाही. सरकारी केंद्रांत तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब, मधुमेह, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख ह्यांच्या कर्करोगाची तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. २०१७ पासून आपल्या राज्यात सरकारी केंद्रांतून घेतलेले रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत विनामूल्य तपासण्याची योजना आहे. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत काय दिसले? तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय बायकांपैकी दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. ज्या तपासणीची किंमत शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांनी आपल्या देहावर जगाला सिद्ध करून दिली, ती आपल्याच दारी अजून यायची आहे.

ती आणणे हे मंडळाचे काम आहे, असे मला नम्रपणे वाटते. मंडळाने आळीवार तीस वर्षांवरील बायकांची यादी करावी. आशाताईंशी आणि केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून एक दिवस ठरवावा. एकटीने न जाता पाच-पाच जणींनी मिळून जावे, म्हणजे लाज निम्मी होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्याऐवजी त्या दिवशी प्रत्येकीचा रक्तदाब मोजावा. ज्यांच्यात दोष निघेल त्यांच्याबरोबर पुढच्या इस्पितळात मंडळाची एक बाई जावी. तपासून सोडून देणे हे न तपासण्याहून वाईट. आणि सर्वांत आधी, प्रत्येक सुनेने आपल्या सासूला आणि प्रत्येक सासूने आपल्या सुनेला आज संध्याकाळी एवढेच विचारावे, "बाई, काही अंगावर काढत नाहीस ना?"

मी तो प्रश्न वेळेवर विचारला नाही. पुढच्या वर्धापनदिनाला मंडळाने तपासून आलेल्या बायकांची यादी वाचून दाखवावी. त्या यादीत पहिले नाव माझे असेल.